सोडियमला 'क्षारातु' म्हणणारा माणूस: नागपुरात बसून मूलद्रव्यांचं बारसं करणारे डॉ. रघुवीर

क्षारातु, दहातु, चूर्णातु, भ्राजातु.

ऐकायला पौराणिक मालिकेतल्या असुरांची नावं वाटतात. पण यातलं एकही नाव पुराणातलं नाही. क्षारातु म्हणजे सोडियम, दहातु म्हणजे पोटॅशियम, चूर्णातु म्हणजे कॅल्शियम आणि भ्राजातु म्हणजे मॅग्नेशियम. देश नुकताच स्वतंत्र होत होता त्या काळात नागपुरात ही नावं कोशात छापली जात होती. आणि ती तयार करणाऱ्या माणसाला खात्री होती, की उद्या या देशातली पोरं याच नावांनी रसायनशास्त्र शिकतील.

तसं काही झालं नाही. मीठ म्हणजे सोडियम क्लोराइड हे आज शाळेतल्या कुठल्याही पोराला पाठ असतं. 'क्षारातु' हा शब्द मात्र मुद्दाम शोधला तरच सापडतो.

मग हा कुणीतरी हेकट माणूस होता का? अजिबात नाही. महाभारताच्या ज्या चिकित्सक आवृत्तीसाठी पुण्याचं भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर जगभर ओळखलं जातं, त्या आवृत्तीतलं एक अख्खं पर्व या माणसानं संपादित केलंय. हाच माणूस संविधान सभेत बसला, राज्यसभेत दहा वर्षं खासदार होता आणि एका राष्ट्रीय पक्षाचा अध्यक्ष असताना वारला.

त्यांचं नाव डॉ. रघुवीर.

रावळपिंडी ते लंडन, लंडन ते लाहोर

रघुवीरांचा जन्म ३० डिसेंबर १९०२ चा, रावळपिंडीचा. म्हणजे आजच्या पाकिस्तानातला. शिक्षण लाहोरला झालं, विषय संस्कृत. पुढे लंडनहून पीएच.डी. आणि हॉलंडमधून डी.लिट. करून ते लाहोरला परत आले आणि सनातन धर्म कॉलेजात संस्कृत शिकवायला लागले.

त्यांचं काम पहिल्यापासून जुन्या पोथ्यांचं. १९३२ साली त्यांनी 'कपिष्ठल-कठ-संहिता' हा यजुर्वेदाचा दुर्मीळ ग्रंथ संपादित करून छापला. पुण्यात तेव्हा महाभारताचं मोठं काम सुरू होतं. देशभरातल्या हस्तलिखितांची अक्षर न् अक्षर तुलना करायची, नंतर घुसडलेले श्लोक बाजूला काढायचे आणि जुन्यात जुना पाठ ठरवायचा, असं ते किचकट काम. त्यातलं विराटपर्व रघुवीरांकडे आलं. त्यांनी संपादित केलेलं विराटपर्व १९३६ साली प्रसिद्ध झालं.

पण त्यांचा जीव फक्त संस्कृतात रमत नव्हता. भारताबाहेर संस्कृत कुठंकुठं पोचलं, तिबेटात, चीनमध्ये, मंगोलियात, इंडोनेशियात त्याचं काय झालं, याचा त्यांनी ध्यास घेतला होता. त्यासाठी लाहोरला त्यांनी संस्था काढली. इंग्रजीत तिचं नाव इंटरनॅशनल अकॅडमी ऑफ इंडियन कल्चर, आपल्याकडचं नाव सरस्वती विहार. १९३८ साली एका जपानी अभ्यासकाबरोबर त्यांनी चिनी भाषेतल्या रामकथांवर पुस्तक काढलं.

या अभ्यासात एक गोष्ट सतत त्यांच्या डोळ्यांसमोर असणार. नवव्या शतकात तिबेटी लोकांनी बौद्ध ग्रंथ संस्कृतातून आपल्या भाषेत नेले. त्या कामासाठी त्यांनी 'महाव्युत्पत्ति' नावाचा संस्कृत-तिबेटी कोश तयार केला आणि कुठल्या संस्कृत शब्दाला कुठला तिबेटी शब्द वापरायचा हे ठरवून टाकलं.  अख्खं ज्ञान एका भाषेतून दुसरीत नेता येतं, फक्त शब्द आधी पक्के हवेत.

रघुवीरांनी पुढं जे केलं, त्याचा नकाशा हाच होता. फरक एवढाच की त्यांना बौद्ध तत्त्वज्ञान नेण्याऐवजी आधुनिक विज्ञान आणायचं होतं.

नागपूरच का?

फाळणीच्या आदल्या वर्षी, म्हणजे १९४६ च्या सुमारास, रघुवीर आपली संस्था लाहोरहून नागपूरला घेऊन आले.

तेव्हाचं नागपूर ही मध्यप्रांत आणि वऱ्हाडची राजधानी होती. प्रांतात दोन भाषा, हिंदी आणि मराठी. पंडित रविशंकर शुक्ल यांच्या सरकारला कारभार इंग्रजीतून या दोन भाषांत आणायचा होता. नागपूर विद्यापीठातही कॉलेजचं शिक्षण हिंदी-मराठीतून द्यायचं ठरत होतं.

ठरवणं सोपं होतं, पण वर्गात उभं राहून शिकवायचं कसं? कायदा, अर्थशास्त्र, वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र, प्रत्येक विषयाचे हजारो शब्द लागणार. काही मराठीत होते, काही हिंदीत होते, पण एकाच गोष्टीला चार लेखक चार शब्द वापरत. पुण्यात य. रा. दाते आणि चिं. ग. कर्वे यांचा शास्त्रीय परिभाषा कोश १९४८ साली आला, तोही याच गरजेतून.

रघुवीर या कामाला लागले. याच प्रांतातून ते संविधान सभेवरही गेले.

शब्दांचा कारखाना

त्यांची पद्धत एखाद्या इंजिनिअरसारखी होती. संस्कृतातले साधारण ५२० धातू घ्या. धातू म्हणजे इथं लोखंड-तांबं नाही, व्याकरणातला धातू, क्रियापदाचं मूळ. त्याला पुढून २० उपसर्ग लावा, मागून ८० प्रत्यय लावा. नुसती आकडेमोड केली तरी लाखो शब्द पडतात. मग इंग्रजीतल्या कुठल्याही शब्दापुढं हात टेकायची गरजच नाही.

यामागचा युक्तिवाद साधा होता. शब्द सुटा असून भागत नाही, त्याला गोतावळा लागतो. 'विधी' घेतला की वैध, अवैध, विधान, विधेयक, विधिमंडळ अशी अख्खी भावकी मिळते. परका शब्द उसना घेतला तर तो एकटाच येतो, असं त्यांचं म्हणणं.

मराठी माणसाला इथं लगेच एक शंका येईल. आपण 'कायदा' हा अरबीतून आलेला शब्द घेतला, पण तो कुठं एकटा राहिला? कायदेशीर, बेकायदा, कायदेपंडित, कायदेभंग, कायदेमंडळ. त्यानं इथं येऊन चांगला संसार थाटला. ही शंका लक्षात ठेवा, पुढं कामाला येणार आहे.

तर या कारखान्यातून लाखाच्या वर शब्द बाहेर पडले. त्यात मूलद्रव्यंही आली. तेव्हा माहीत असलेल्या मूलद्रव्यांची संख्या शंभराच्या आसपास होती आणि रघुवीरांनी त्यांचं बारसं करायला घेतलं.

हायड्रोजन झाला उदजन. 'उद' म्हणजे पाणी, म्हणून पाण्याला जन्म देणारा. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थही तोच. ऑक्सिजनला जारक, नायट्रोजनला भूयाति, कार्बनला प्रांगार, क्लोरीनला नीरजी, गंधकाला शुल्बारि. धातूंच्या मागं त्यांनी 'आतु' असं शेपूट लावलं, म्हणजे नाव ऐकताच ही धातू आहे हे कळावं. युरोपीय नावांत जसं शेवटी 'इयम' येतं, तसंच.

आता परत सुरुवातीच्या त्या चार नावांकडं बघा. क्षारातु म्हणजे क्षार देणारी धातू. चूर्णातु म्हणजे चुन्यातली धातू. भ्राज म्हणजे चमकणं, आणि मॅग्नेशियमची फीत पेटवली की डोळे दिपवणारा पांढरा उजेड पडतो, म्हणून भ्राजातु. पोटॅशियमचा तुकडा पाण्यात टाकला की पेट घेतो, म्हणून 'दह'वरून दहातु. युरेनियम किरणं सोडतं, म्हणून किरणातु.

हसू येणारे शब्द खरे, पण बिनडोक नाहीत. प्रत्येक नावात त्या पदार्थाचा गुण लपलेला आहे.

नावापर्यंत ठीक, पण संज्ञेचं काय?

खरा पेच इथं आला. रसायनशास्त्रात प्रत्येक मूलद्रव्याला दोन ओळखी असतात. एक नाव आणि दुसरी संज्ञा, म्हणजे एक-दोन अक्षरांची खूण. हायड्रोजन हे नाव आणि 'एच' ही संज्ञा. ऑक्सिजन हे नाव आणि 'ओ' ही संज्ञा. दोन एच आणि एक ओ मिळून पाणी, एच-टू-ओ.

ही पद्धत आली कुठून? १९ व्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडच्या जॉन डाल्टननं मूलद्रव्यांसाठी गोल काढले होते. कुठल्या गोलात टिंब, कुठल्यात रेघ, कुठला पूर्ण काळा. दिसायला झकास, पण छापखान्यात खिळे जुळवताना वैताग. मग स्वीडनच्या बर्झेलियसनं १८१३-१४ मध्ये सरळ सुचवलं, की गोल सोडा, अक्षरं वापरा. आणि ही अक्षरं त्यानं स्वतःच्या स्वीडिश भाषेतून न घेता लॅटिन नावांवरून घेतली.

म्हणूनच शाळेत आपला गोंधळ उडतो. सोडियमची संज्ञा 'एस'वरून नाही, तर 'एन-ए' आहे, कारण लॅटिन नाव नेट्रियम. लोखंडाची 'एफ-ई', फेरमवरून. सोन्याची 'ए-यू', ऑरमवरून. पाऱ्याची 'एच-जी', हायड्रार्जिरमवरून, त्याचा अर्थ पाण्यासारखी चांदी. आणि पोटॅशियमची 'के', कॅलियमवरून. हे कॅलियमही मूळचं लॅटिन नाहीच. झाडाच्या राखेला अरबीत जो 'कली' शब्द होता, त्यातून ते आलं.

म्हणजे इंग्रज पोरालाही लोखंडाला 'एफ-ई' का म्हणायचं ते पाठच करावं लागतं. ही संज्ञा कुणाच्याच घरची नाही. डाल्टनला ती शेवटपर्यंत आवडली नाही, पण तिची ताकदही त्यातच होती.

रघुवीर नावांवर थांबले नाहीत. नावं भारतीय तर संज्ञाही भारतीय, या हिशेबानं त्यांनी सूत्रांमध्येही नागरी अक्षरं आणली. उदजनचा 'उ' आणि जारकचा 'ज' धरला, तर पाण्याचं सूत्र उ२ज असं होतं. कार्बन डायऑक्साइडला त्यांचं नाव होतं प्रांगार द्विजारेय.

यात फायदे नव्हते असं नाही. भूयाति, भास्वर आणि भ्राजातु, म्हणजे नायट्रोजन, फॉस्फरस आणि मॅग्नेशियम, तिन्ही नावं 'भ'पासून सुरू होतात. रोमनमध्ये असं झालं की दुसरं अक्षर जोडावं लागतं. नागरीत काना-मात्रा असल्यानं भू, भा, भ्रा असं एकाच अक्षरात भागतं.

पण रोमन लिपीत एक सोय आहे, जी नागरीत नाही. मोठं अक्षर आणि छोटं अक्षर. मोठा 'सी' आणि छोटा 'ओ' लिहिलं की कोबाल्ट ही धातू, आणि दोन्ही अक्षरं मोठी लिहिली की कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू. एक अक्षर मोठं की छोटं, एवढ्यावर संज्ञा कुठं संपली आणि दुसरी कुठं सुरू झाली ते कळतं. नागरीत त्यासाठी वेगळी काहीतरी युक्ती करावी लागली असती.

हे ओझं वाहणार कोण?

वाद नागपूर-दिल्लीच्या विद्वानांचा वाटतो. पण निकाल काहीही लागला तरी तो पाठ करायचा होता गावाकडच्या पोरांनी. बीड जिल्ह्यातलं केज तालुक्यातलं युसूफ वडगाव घ्या.

रघुवीर नागपुरात कोश रचत होते, तेव्हा युसूफ वडगाव निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं. घरात मराठी, पण सरकारी कागद उर्दूत. हैदराबादेत १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ निघालं, तिथं शिक्षणाचं माध्यमच उर्दू. त्यासाठी निजाम सरकारनं भाषांतराचं स्वतंत्र खातं काढलं होतं आणि ते विज्ञानाचे शब्द अरबी-फारसीतून घडवत होतं. म्हणजे जो उद्योग रघुवीर संस्कृतातून करत होते, तोच उद्योग हैदराबादेत आधीपासून दुसऱ्या दिशेनं चालू होता.

सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतात आलं. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात गेला. १९६० मध्ये महाराष्ट्र झाला. म्हणजे १९४५ साली बिगरीत बसलेल्या इथल्या पोरानं विशीत येईपर्यंत तीन-तीन वेळा सरकार बदलताना पाहिलं. कागदावरची भाषा बदलली, लिपी बदलली, साहेब बदलले.

आता विचार करा, की प्रत्येक वेळी सूत्रंही बदलली असती तर? आधी उर्दू अक्षरांतलं पाणी, मग नागरीतलं पाणी. मद्रासला कॉलेजात गेला तर तमिळ अक्षरांतलं पाणी. प्रयोगशाळेत बाटलीवर कुठल्या लिपीत काय लिहिलंय हे न कळल्यानं भलत्याच ॲसिडला हात लागला असता, तो वेगळाच.

या सगळ्या उलथापालथीत सोडियमचं 'एन-ए' मात्र जागच्या जागी राहिलं. हैदराबादेतही तेच, पुण्यातही तेच, मॉस्कोतही तेच. गरीब घरच्या पोरासाठी ही मोठी गोष्ट होती. त्याला भाषा बदलावी लागली, पण शिकलेलं रसायनशास्त्र वाया गेलं नाही.

दिल्लीत काय ठरलं?

१९४९ च्या सप्टेंबरात संविधान सभेत भाषेचा प्रश्न निकालात निघाला. रघुवीर तेव्हा सभासद होते. हिंदी राजभाषा, लिपी देवनागरी. पण आकडे? आकडे मात्र आंतरराष्ट्रीय रूपातले. म्हणजे अक्षर आपलं आणि अंक जगाचा, अशी तडजोड झाली. त्याच सुमारास डॉ. राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखालच्या विद्यापीठ शिक्षण आयोगानंही विज्ञानातले आंतरराष्ट्रीय शब्द तसेच घेऊन आपल्या भाषांत जिरवावेत असा सल्ला दिला.

१९५० मध्ये केंद्राच्या शिक्षण खात्यानं वैज्ञानिक परिभाषेसाठी मंडळ नेमलं. दरम्यान रघुवीरांचा मोठा इंग्रजी-हिंदी कोश १९५५ साली नागपुरातून बाहेर पडला. पण हवा बदललेली होती. नेहरूंचा कल बोलीच्या जवळच्या हिंदुस्थानीकडं होता, संस्कृतानं ठासून भरलेली भाषा त्यांना रुचत नव्हती. वर्तमानपत्रांत 'रघुवीरी हिंदी' हा टिंगलीचा शब्द झाला. रेल्वेला लोहपथगामिनी छापाचे विनोदही त्यांच्या नावावर खपवले जाऊ लागले.

ऑक्टोबर १९६१ मध्ये वैज्ञानिक तथा तांत्रिक शब्दावली आयोग स्थापन झाला. या आयोगाची जी तत्त्वं ठरली, त्यात पहिल्याच तत्त्वात मूलद्रव्यांची आणि संयुगांची नावं येतात. हायड्रोजन, कार्बन डायऑक्साइड यांसारखे शब्द आहेत तसेच ठेवायचे, फक्त लिहायचे आपल्या लिपीत. आणि संज्ञा आंतरराष्ट्रीय रूपात, रोमन लिपीतच राहतील. जे देशी शब्द आधीच रुजलेत, ते मात्र बदलायचे नाहीत.

उदजन-जारकचा विषय तिथं संपला. रघुवीर तेव्हा हयात होते.

शेवटची दोन वर्षं

रघुवीरांचं दुसरं काम या काळात जोरात चालू होतं. १९५४ साली नागपुरातूनच त्यांनी मुलगा लोकेशचंद्र यांच्यासोबत जैमिनीय ब्राह्मण संपादित करून काढलं. १९५५ मध्ये ते चीनच्या दौऱ्यावर गेले आणि हस्तलिखितं, ग्रंथ, चित्रं असा मोठा साठा घेऊन आले. आशियातल्या भारतीय वाङ्मयासाठी त्यांनी 'शतपिटक' नावाची ग्रंथमाला सुरू केली. १९५६ मध्ये संस्था दिल्लीला गेली.

१९५२ पासून ते काँग्रेसचे राज्यसभा खासदार होते. पण चीन जवळून पाहिलेल्या या माणसाला सरकारचं चीनविषयक धोरण पटेना. १९६१ च्या अखेरीस त्यांनी काँग्रेस सोडली. वर्षभरात चीनबरोबर युद्ध झालं. डिसेंबर १९६२ मध्ये भारतीय जनसंघानं त्यांना अध्यक्ष केलं.

हे अध्यक्षपद जेमतेम पाच महिने टिकलं. उत्तर प्रदेशात फर्रुखाबादला लोकसभेची पोटनिवडणूक होती आणि राममनोहर लोहिया उभे होते. पक्ष वेगळा असूनही रघुवीर त्यांच्या प्रचाराला निघाले. १४ मे १९६३ रोजी कानपूरजवळ त्यांच्या गाडीला अपघात झाला आणि त्यात त्यांचा मृत्यू झाला. वय होतं ६०. त्यांच्या संस्थेचं काम आणि शतपिटक ग्रंथमाला पुढं लोकेशचंद्रांनी चालवली.

मग रघुवीर हरले का?

संज्ञेच्या बाबतीत, हो. आणि ते बरंच झालं. स्वभाषेचं प्रेम असणाऱ्या इतर देशांनीही हाच रस्ता धरलेला दिसतो. जर्मन माणूस ऑक्सिजनला झाउअरश्टोफ म्हणतो, नायट्रोजनला श्टिकश्टोफ म्हणतो, पण सूत्रात लिहितो 'ओ' आणि 'एन'. चिनी लोकांनी तर प्रत्येक मूलद्रव्यासाठी वेगळं चित्राक्षर ठरवलं, पण सूत्र लिहिताना तेही रोमन संज्ञाच वापरतात. नाव घरचं चालतं, खूण मात्र सगळ्यांची एकच लागते.

नावाच्या बाबतीत गोष्ट जरा वेगळी आहे. कारण मराठीत मूलद्रव्यांची देशी नावं जगली आहेत, फक्त ती रघुवीरांची नाहीत.

युसूफ वडगावातल्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारा. सोयाबीनला काय टाकलं, तर नत्र, स्फुरद, पालाश हे शब्द येणारच. डीएपीच्या पोत्यावर १८-४६ लिहिलेलं असतं, म्हणजे १८ टक्के नत्र आणि ४६ टक्के स्फुरद. माती परीक्षणाच्या कागदावर 'सेंद्रिय कर्ब' असतो. यातला नत्र म्हणजे नायट्रोजन, स्फुरद म्हणजे फॉस्फरस, पालाश म्हणजे पोटॅश आणि कर्ब म्हणजे कार्बन. आणि कोरोनात सिलिंडर संपले, तेव्हा बातम्यांत 'प्राणवायू' हा शब्द कुणाला समजावून सांगावा लागला नव्हता.

हे शब्द का टिकले आणि भूयाति, भास्वर, दहातु का टिकले नाहीत? दोन्ही याद्या शेजारी ठेवून मोठ्यानं वाचा. नत्र आणि नायट्रो, स्फुरद आणि फॉस्फरस, पालाश आणि पोटॅश, कर्ब आणि कार्बन. आवाज जुळतो. देशी नाव ऐकताना परक्या नावाची आठवण येते, त्यामुळं पोत्यावरची 'एन-पी-के' ही अक्षरंही परकी वाटत नाहीत. भूयाति ऐकून नायट्रोजन आठवत नाही. तिथं एकाच गोष्टीची दोन नावं स्वतंत्र पाठ करावी लागतात.

दुसरं कारण वापराचं. नत्र-स्फुरद-पालाश हे शब्द कृषी सेवा केंद्रात, बांधावर, रेडिओवरच्या शेतीच्या कार्यक्रमात बोलले गेले. जारक आणि नीरजी कोशातून बाहेर पडून कुणाच्या तोंडी बसलेच नाहीत.

आणि ती 'कायदा'वाली शंका? मराठीनं विज्ञानातही तेच केलं. ऑक्सिजन उसना घेतला आणि त्याला संस्कृत प्रत्यय लावून ऑक्सिडीभवन केलं. आयनपासून आयनीभवन, कार्बनपासून कार्बनी संयुगं. परका शब्द एकटा राहिला नाही. गंमत म्हणजे हे शब्द घडवताना वापरलेले प्रत्यय तेच संस्कृतातले होते, ज्यांवर रघुवीरांचा एवढा भरवसा होता.

सगळीकडं एकच शब्द असावा हा त्यांचा आग्रह मात्र आजही अधुरा आहे. मराठीत ज्याला आपण अणू म्हणतो त्याला हिंदीत परमाणु म्हणतात, आणि हिंदीत अणु म्हणजे आपला रेणू. मराठी माध्यमातून शिकलेलं पोर हिंदी पुस्तक उघडतं, तेव्हा हमखास चकतं.

राहिला प्रश्न अर्थाचा, आणि तिथं रघुवीरांचं म्हणणं अजून खोडून निघालेलं नाही. मराठी शाळेतलं पोर 'सी-ए म्हणजे कॅल्शियम' हे घोकतं. कॅल्शियम हा शब्द लॅटिनमधल्या चुन्याच्या शब्दावरून आलाय, म्हणजे त्याचा अर्थच 'चुन्यातला', हे त्याला कुणी सांगत नाही. चूर्णातु या शब्दात ते आपोआप कळत होतं. शब्द उसना घ्यायला हरकत नाही, पण त्याचा अर्थही सोबत आणावा लागतो. तो आणला नाही, तर पोरं संज्ञा पाठ करतात आणि रसायनशास्त्राला घाबरतात.

रघुवीरांची नावं परत आणा असं आज कुणी म्हणणार नाही. पण कॅल्शियम शिकवताना फळ्यावर एका कोपऱ्यात चूर्णातु लिहून, यात चुना कुठं दिसतो ते सांगा, असं एखाद्या मास्तरांनी विचारलं, तर तो धडा वर्गातल्या शेवटच्या बाकापर्यंत पोचेल.